गडग्याबाहेरची पट्टी

आकाशाला सीमा नसते. श्रीधरच्या शोकसभेत हे वाक्य पहिल्या वक्त्याने म्हटले तेव्हा सभागृहात गंभीर शांतता पसरली, दुसऱ्याने म्हटले तेव्हा माना डोलल्या, आणि अध्यक्षांनी समारोप करताना डोळे छताच्या पंख्याकडे लावून तेच वाक्य सावकाश उच्चारले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सुलभावहिनी हळूच म्हणाल्या, "मग हे इतकी वर्षं पगार कसला घेत होते?" नवऱ्याच्या शोकसभेत बायकोने असे विचारू नये, पण प्रश्न रास्त होता. माझ्या या मित्राने उभे आयुष्य आकाशाच्या सीमा आखण्यात घालवले. विमानाने कुठून खाली यायचे, कुठे वळायचे, उतरणे फसले तर कुठून पुन्हा वर जायचे आणि मुख्य म्हणजे कुठे अजिबात जायचे नाही, हे कागदावर ठरवणे हा त्याचा व्यवसाय होता. आणि तो मेला जमिनीवरच्या सीमेपायी. मिरजोळ्याच्या पलीकडे कातळाच्या सड्यावर त्याचे घर आणि आंब्याच्या कलमांची बाग आहे. तिच्या गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, एक पट्टी आहे, इतकी अरुंद की गाय आडवी उभी राहिली तर तिचे शेपूट शेजारच्या बागेत जाईल. त्या पट्टीवरून त्याच्या चुलत भावाने, मनोहरने, त्याच्या डोक्यात पहार घातली. शोकसभेत याचा उल्लेख 'दुर्दैवी अपघात' असा झाला, कारण मनोहरचे व्याही अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

बातमी आली तेव्हा मी परसात गळका नळ बांधत होतो. वहिनींचा फोन होता. "भावजी, ह्यांच्या डोक्यात मनोहरभावजींनी पहार घातलीय. त्यांच्याच टेम्पोतून दवाखान्यात नेलंय, तुम्ही परभारे तिकडेच या." आवाज इतका सपाट होता की मी आधी नळाची चिंधी नीट बांधली आणि मग निघालो. दवाखान्यात पोहोचलो तर बाहेरच्या बाकावर मनोहर बसलेला. मारणाराच मारलेल्याला घेऊन आला होता. टेम्पो शेजारच्या कोणीतरी चालवला, आणि मागे हौद्यात मनोहरने भावाचे डोके वाटभर मांडीवर धरले होते. त्याचा सदरा छातीपासून खाली रक्ताने ताठ झाला होता. मला बघून तो उठला नाही. म्हणाला, "कोयता आधी त्याने उचललान. त्याचा घाव चुकला, माझा लागला... एवढंच झालं." पुढे आणखी एक गोष्ट त्याने मला सांगितली, ती यथावकाश सांगेन. मग पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. जाताना तो चपला बाकाखाली विसरला. श्रीधर संध्याकाळी गेला. मेंदूत रक्त साचले होते, असे डॉक्टर म्हणाले. त्या डोक्यात आणखी काही साचायला जागा असेल असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. गडग्याचे वरचे थर उचकटून टाकलेले होते, चिरे इकडेतिकडे पडले होते, आणि मी रक्त शोधत होतो. का, ते सांगता येणार नाही. माणूस शोधतो. पण जांभ्यावर रक्त दिसत नाही. दगडाचा मूळचाच तो रंग. आमच्या या भूमीवर भाऊबंदांनी एकमेकांची किती डोकी फोडली असतील त्याचा काही पत्ता लागत नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

श्रीधर आणि मनोहर एकाच घरात वाढले. मी त्यांच्या वाडीतला. आम्ही तिघे एका वर्गात होतो, आणि पुढे मी शाळेत भूगोल शिकवू लागलो म्हणून श्रीधर मला मरेपर्यंत 'भूगोल' अशीच हाक मारत असे. त्या दोघांमधले प्रेम मारामारीच्या मार्गाने चाले. एकदा विहिरीत पोहताना मनोहरने त्याचे डोके गंमत म्हणून पाण्याखाली धरले, आणि गंमत कुठे थांबवायची हे त्याला कळेना. श्रीधर वर आला तो मनोहरचा कान दातात धरूनच. कानाची पाळी तुटली. पाणी लाल झाले, बायका धावत आल्या, आणि श्रीधरच्या वडिलांनी दोघांनाही एकाच दोरीने फणसाला बांधून एकाच फोकाने झोडले. तुटक्या पाळीचा तो कान मनोहर पुढे लग्नात, मुंजीत पाहुण्यांना दाखवायचा. "हा आमच्या इंजिनिअरचा सहीशिक्का," म्हणायचा, आणि श्रीधर शेजारी उभा राहून लाजायचा. त्यांचे आजे सख्खे भाऊ, त्यांनीही याच दोन बागांच्या मधल्या गडग्यावरून एकमेकांवर कोयते उगारले होते. या घराण्यात जमिनीचा वाद कोयत्याने सुरू होई आणि वकिलाकडे जाऊन झोपी जाई. मधून मधून कूस बदली, इतकेच.

श्रीधर नोकरीला लागला तो विमानतळाच्या नियंत्रण कक्षात, आणि काही वर्षांनी विमानांच्या वाटा आखणाऱ्या खात्यात गेला. हे काम त्याला का आवडले याचे त्याने मला एकदाच सांगितलेले कारण असे. एका डोंगराळ गावाजवळ पावसात उतरताना एक विमान कड्यावर आदळले होते आणि चौकशीसाठी जी माणसे गेली त्यांत हा होता. चिखलात पसरलेल्या अवशेषांबद्दल तो काही बोलला नाही, फक्त बुटांबद्दल बोलला. सगळीकडे बूट पडले होते, म्हणाला. नाड्या बांधलेले. माणूस बुटातून निघून जातो आणि नाडी तशीच राहते... वैमानिक चुकला होता, हे चौकशीत सिद्ध झाले आणि सगळ्यांना बरे वाटले. श्रीधरला मात्र वाटेना. वैमानिक चुकणारच, असे त्याचे म्हणणे. धुके असते, थकवा असतो, यंत्र बिघडते, वारा बाजूने लोटतो. वाट आखणाऱ्याने ती चूक गृहीत धरून तिच्यासाठी दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवायला हवी होती, आणि तिथे ठेवला होता तो कडा. त्यानंतर त्याने एक वाक्य धरले ते शेवटपर्यंत. "रेषेपर्यंत जायचं नाही, भूगोल. रेषेच्या अलीकडे थांबायचं. आपली चूक आपल्याच अंगणात मावली पाहिजे."

वाक्य चांगले आहे. मी ते वर्गात मुलांनाही सांगत असे. ते सांगणाऱ्या माणसाला रागाच्या भरात स्वतःची चूक अंगणातच काय, जिल्ह्यातही मावत नसे, हे मी मुलांना सांगत नसे.

निवृत्त होऊन तो इकडे आला आणि त्याला उत्तरेतल्या एका गावाहून बोलावणे आले. गाव सरहद्दीला लागून. तिथे विमानतळ होणार होता आणि आकाशाचा आराखडा तपासायला जाणता माणूस हवा होता. पहिल्या फेरीहून तो परत आला त्या दिवशी संध्याकाळी त्याने मला ओटीवर बसवून सगळा प्रश्न समजावला. जेवायला बसायचा पाट त्याने उपडा घातला. पाटाची एक कड म्हणजे सरहद्द. दुसऱ्या कडेला त्याने नारळ ठेवला, तो डोंगर. तिसऱ्या बाजूला तपेले पालथे घातले. ते वायुदलाचे राखीव आकाश, तिथे लढाऊ विमाने सराव करतात आणि पाहुण्यांना मज्जाव असतो. "आता ही धावपट्टी," म्हणून त्याने वहिनींच्या हातातला आमटीचा चमचा काढून घेतला आणि मला म्हणाला, ठेव. मी ठेवला. चमच्याच्या दोन्ही टोकांपुढे मोकळी हवा लागते, म्हणाला, कारण विमान जिन्यावरून उतरावे तसे लांबून, सरळ रेषेत खाली येते. मी चमचा फिरवत राहिलो. कसाही ठेवला तरी तो नारळाला भिडे, नाहीतर तपेल्याला, नाहीतर पाटावरून पडे. वहिनी म्हणाल्या, चमचा लहान घ्या. श्रीधर म्हणाला की मंत्रालयातले सचिवही हेच म्हणाले.

तिथे चमचा आधीच ठेवलेला होता, हीच खरी अडचण होती. पायाभरणी झाली होती. धावपट्टीची दिशा गावच्या पुढाऱ्याने ठरवली होती, विमाने गावावरून दिमाखात उतरताना दिसावीत म्हणून. त्या दिशेने येणाऱ्या विमानाला ऐन वेळी धावपट्टी दिसली नाही तर त्याने समोर चढून वळायचे. आणि समोर सरहद्द. लवकर वळवा, असे बैठकीत सुचवण्यात आले. श्रीधरने विचारले की विमान भरलेले आहे, एक इंजिन गेले आहे, वारा पाठीमागून सरहद्दीकडे लोटतो आहे, तर कसे वळवू? त्यात सरहद्दीजवळ उपग्रहाचे संदेश मुद्दाम बिघडवले जातात, आणि मग आपण कुठे आहोत हे विमानाला चुकीचे कळते. ते चुकून पलीकडे गेले की मुद्दाम गेले, हे विचारायला पलीकडचा तोफवाला थांबत नाही. यावर एक वरिष्ठ अधिकारी छाती पुढे काढून म्हणाले की आपले वैमानिक शूर आहेत. श्रीधर म्हणाला, "शूर माणसासाठी वाट आखायची नसते, साहेब. घाबरलेल्या माणसासाठी आखायची असते." त्याने सांगितलेला उपाय साधा होता आणि म्हणूनच अपमानास्पद होता. धावपट्टी वळवा, मागे घ्या, विमाने एकाच बाजूने येऊ-जाऊ द्या, आणि सरहद्दीच्या अलीकडे आकाशाची एक पट्टी अशी ठेवा की जिच्यात आपलेही कोणी जाणार नाही. आपलेच आकाश आपणच सोडायचे, हे ऐकून बैठकीत काहींना देशभक्तीचा झटका आला.

मग जनसुनावणी झाली. मांडव घातला होता, पुढाऱ्याचे भाषण झाले, आणि मुंबईहून आलेला एक म्हातारा तुमचे विमान पळवतो आहे असे लोकांना कळले. वास्तविक हा रत्नागिरीचा, पण एवढ्या लांबून फरक दिसत नाही. खुर्च्या उडायला लागल्या. शहाणा माणूस अशा वेळी टेबलाखाली जातो. श्रीधरने माइकचा लोखंडी दांडा उपसला आणि समोर आलेल्या पहिल्या तोंडावर हाणला. पुढचे त्याला नीट आठवत नव्हते. त्याला पाडले, लाथांनी तुडवले, कोणीतरी त्याचे डोके खुर्चीच्या पायाखाली दाबून वर बसले. तो परतला तेव्हा खांद्याचे हाड मोडलेले होते, हात गळ्यात होता आणि डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले होते. मी भेटायला गेलो तर खुशीत होता. म्हणाला, दोन दात पाडले. मी विचारले, कोणाचे? त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कल्पना नाही रे. समोर होते." मनोहरही आला होता, आंब्याचे रोप घेऊन. त्याने श्रीधरच्या बहिऱ्या कानाशी तोंड नेऊन शिव्या हासडल्या आणि त्याला काही ऐकू येत नाही हे बघून पोट धरून हसला. म्हणाला, आता आपला हिशेब फिटला शिंच्या, तुझा कान, माझा कान. मग स्वतः खड्डा खणून रोप लावून गेला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. नंतर जे झाले ते दोन वैऱ्यांमध्ये झाले, असे कोणाला वाटू नये.

श्रीधरचा अहवाल मंत्रालयात कुठेतरी ठेवला गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या, आकाश बंद झाले, आणि त्या नियोजित विमानतळावर एक गोळा पडला. तिथे पडण्यासारखे काही नव्हतेच. एक पायाभरणीचा संगमरवरी दगड आणि त्याची राखण करणारा एक माणूस, एवढाच विमानतळ उभा राहिला होता. हा राखणदार श्रीधरला दर फेरीला चहा करून देई. तो गेला. ही बातमी श्रीधरला टीव्हीवर कळली, म्हणजे टीव्हीवरच्या निवेदकाच्या ओरडण्यातून त्याने ती वेचून काढली. निवेदक आनंदात होता. आपण त्यांचे किती मारले ते बोटांवर मोजत होता. श्रीधरने तोच पाट उचलला, सरहद्दीचा, आणि मोडक्या खांद्यात होते नव्हते तेवढे बळ आणून निवेदकाच्या तोंडावर घातला. काच फुटली, ठिणग्या उडाल्या, भिंतीवर काळा डाग पडला. वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "टीव्ही गेला. पाट शाबूत आहे." नवा टीव्ही त्या घरात पुन्हा आला नाही. मी गेलो तेव्हा तो त्या काळ्या डागासमोर बसला होता. आपला आराखडा मानला असता तरी तो राखणदार वाचला नसता, हे त्याला माहीत होते, आणि ते माहीत असणेच त्याला सोसत नव्हते. "भूगोल, रेषेला चिकटून काही ठेवू नये रे," म्हणाला. "दगडसुद्धा नाही, माणूस तर नाहीच."

त्याच पावसाळ्यात दोन बागांमधला जुना गडगा कोसळला. आज्यांच्या वेळचा तो. आता नवा घालायचा, तर त्यावरून पुन्हा कोयते निघायला नकोत, म्हणून श्रीधरने एक अभिनव कल्पना काढली. त्याने गडगा हद्दीवर न घालता स्वतःच्या जागेत, आत घातला आणि बाहेर स्वतःचीच एक पट्टी मोकळी ठेवली. आपल्याकडे असे कोणी करत नाही. आमच्याकडे गडगा म्हणजेच हद्द. गडग्याच्या आत ते माझे, बाहेर ते दुसऱ्याचे; मधे काही असते हे कोकणातल्या माणसाच्या कल्पनेत येत नाही. उलट गडगा घालताना एकेक चिरा बोटभर पुढे सरकवायची पद्धत आहे, आणि ती दोन्हीकडून पाळली जात असल्याने हद्द साधारण जाग्यावर राहते. श्रीधरने शेजाऱ्यांना बोलावले, कोपऱ्यावर नारळ फोडला, आणि तिथेच मनोहरला आपले तत्त्व समजावून सांगितले. मी हजर होतो. मनोहरने मन लावून ऐकले. मग विचारले, "म्हणजे ती जागा कोणाची?"

"माझी."

"मग तू तिथे जाणार?"

"नाही. कोणीच जायचं नाही."

"तू जाणार नाहीस, तुझा गडगा तिच्या अलीकडे, राखण नाही... मग ती तुझी कशी रे, शिंच्या?"

श्रीधर म्हणाला, कारण कागदावर ती माझी आहे. मनोहर खोबऱ्याचा तुकडा चावत म्हणाला, "स्वतःची जागा बाहेर ठेवून गडगा दोनच माणसं घालतात. एक वेडा, दुसरा मेलेला." सगळे हसले. श्रीधरही हसला. राष्ट्राराष्ट्रांमधल्या वादांवर मी बरीच जाड पुस्तके वाचली आहेत, पण त्या नारळाभोवती झालेल्या संवादात नाही असे त्यांत काही सापडल्याचे आठवत नाही.

पुढच्या पावसात मनोहरने पट्टीत काजू लावले. दुष्टपणा नव्हता त्यात. मोकळी जागा पडून राहिलेली बघून त्याचा जीव खाली-वर होत होता, आणि ती रिकामी ठेवणे हाच कोणाचा वापर असू शकतो, हे त्याला पटत नव्हते. श्रीधरने रोपे उपटून हद्दीपलीकडे त्याच्या बागेत फेकली. मनोहरने पुन्हा लावली. मग गडग्यावरून पट्टीवर आलेली श्रीधरच्या जुन्या हापूसची फांदी एका सकाळी अर्धी तोडलेली दिसली. मग मनोहरच्या पाण्याची नळी कापलेली सापडली. मग पंचायतीत दोघे एकमेकांच्या गळ्याला भिडले आणि सरपंचाचा चष्मा फुटला. मी दोघांकडे गेलो. श्रीधरला म्हटले, अरे, दे सोडून, इतकी वर्षे पट्ट्या सोडायलाच शिकवत होतास ना? तो म्हणाला की रिकामी सोडणे वेगळे आणि दुसऱ्याला सोडणे वेगळे, मला भूगोल कळत नाही. मनोहरला म्हटले, तर तो म्हणाला, त्याने एकदा तिथे उभं राहून 'ही माझी' असं म्हणू दे, एक तरी झाड लावू दे, उद्या सोडतो. मी हा निरोप नेला. श्रीधर म्हणाला, झाड लावलं तर मग ती पट्टी कसली? दोघेही आपापल्या जागी इतके बरोबर होते की मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

होळीच्या आदल्या आठवड्यात मनोहरने पट्टीत गवताची उडवी रचली. दुपारी श्रीधर काडेपेटी घेऊन गेला आणि त्याने ती पेटवली. मला याबद्दल नंतर वहिनींनी सांगितले, आणि सांगताना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की ह्यांनी वारा बघितला नाही. सड्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटतो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. ज्याने आयुष्यभर वाऱ्याचे हिशेब मांडले, विमान किती लोटले जाईल ते ठरवून डोंगर आणि देश दूर ठेवले, त्याने काडी ओढली आणि वारा बघितला नाही. उडवी पेटली, आग वाळक्या गवतावरून सरळ मनोहरच्या बागेत घुसली. मोहोर धरलेली कलमे उभी पेटली. हापूसचे झाड जळताना आवाज करते, चीक उकळून साल फुटते. तो आवाज वाडीभर ऐकू जात होता, आणि घागरी-हंडे घेऊन पळणाऱ्यांत श्रीधर सगळ्यांत पुढे होता. हाताची कातडी सोलवटून निघेपर्यंत तो ओला गोणपाट आपटत राहिला. मनोहरच्या वडिलांनी लावलेली ती झाडे. सकाळपर्यंत त्यांचे कोळशाचे खांब उरले. चूक अंगणात मावली नव्हती.

मनोहर सकाळी पहार घेऊन आला आणि गडगा उचकटायला लागला. श्रीधरने आधी माफी मागितली, हे वहिनींनी कानांनी ऐकले. नुकसान भरून देतो म्हणाला. मनोहर चिरे पाडत राहिला. "गडगा नको पाडूस," श्रीधर म्हणाला, "बाकी काय हवं ते कर." मनोहर म्हणाला, "तुझ्या या गडग्याने माझी झाडं खाल्ली. हा असा मधे नसता तर आपण नेहमीसारखे भांडलो असतो." मग श्रीधरने भाजलेल्या, पट्ट्या बांधलेल्या हातात कोयता घेतला. तो त्याला नीट धरवतही नव्हता. कोयता मनोहरच्या दंडाला चाटून चिऱ्यात रुतला, आणि तो उपसायला श्रीधर वाकला तेव्हा पहार खाली आली.

दवाखान्याच्या बाकावर मनोहरने मला जी दुसरी गोष्ट सांगितली ती ही. टेम्पो घाटीच्या वळणावर आला तेव्हा श्रीधरने एकदा डोळे उघडले. मनोहर म्हणाला, "मला वाटलं शिवी घालणार. तर सांगितलान, मन्या, गाडी हळू घ्यायला सांग, पुढे वळण आहे." एवढे सांगून मनोहरने तुटक्या पाळीच्या कानावर हात ठेवला आणि तो पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला.

शोकसभेत अध्यक्षांनी मंत्रालयाच्या हवाल्याने घोषणा केली की तो सरहद्दीवरचा विमानतळ आता दुप्पट जोमाने होणार आहे. पायाभरणीचा नवा दगड बसवला आहे, जुन्याहून मोठा. दिशेबद्दल ते काही बोलले नाहीत.

परवा मी वहिनींकडे गेलो होतो. ओटीवरून श्रीधरच्या खुर्चीत बसले की अर्धा पडलेला गडगा दिसतो, पलीकडे जळके खांब, आणि मधे ती पट्टी. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. त्याचा एक कोपरा काचेने खरवडलेला आहे. मनोहर तुरुंगात आहे. त्याची बायको आणि वहिनी अजून एकाच विहिरीवर पाणी भरतात, वेळा ठरवून. वहिनींनी चहा आणला आणि सांगितले की कोर्टाचा आदेश आला. पट्टीच्या मालकीच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती आहे तशी ठेवायची, दोन्हीकडच्या कोणीही तिच्यात पाऊल टाकायचे नाही, काही लावायचे नाही, काही काढायचे नाही. दोन्ही देशांच्या मधली, कोणाचीच ये-जा नसलेली रिकामी जागा... जी त्याला वर मिळाली नाही ती खाली मिळाली, सरकारी शिक्क्यासह. असे काहीतरी मी बोललोही असेन, कारण वहिनींनी शोकसभेतल्या अध्यक्षांकडे बघावे तसे माझ्याकडे बघितले.

"त्या अर्ध्या फांदीला यंदा फळ धरलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं पट्टीत पडलं. वकिलांना विचारलं, उचलू का? नको म्हणाले."

आंबे वानरांनी पट्टीतून उचलले आणि गडग्यावर बसून खाल्ले. बाठे त्यांनी तिथेच ओळीने ठेवलेले आहेत.